साठवणीच्या जागीच गणित : मेमरिस्टर क्रॉसबारमधील लॉजिक

आजच्या संगणकात बेरीज करणे स्वस्त आहे आणि त्या बेरजेसाठी लागणारे आकडे आणून देणे महाग आहे. संगणक-रचनेचा अभ्यास करणाऱ्यांना ही गोष्ट नवी नाही. पण ती किती महाग आहे हे आकड्यांत पाहिले, की या लेखाचा विषय असलेली सगळी खटपट कशासाठी चालली आहे ते चटकन उमगते. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मार्क हॉरोविट्झ यांनी २०१४ साली ४५ नॅनोमीटर तंत्रज्ञानासाठी जे अंदाज मांडले, त्यांनुसार ३२ बिटांच्या दोन पूर्णांकांच्या बेरजेला सुमारे ०.१ पिकोज्यूल ऊर्जा लागते, तर डीरॅममधून, म्हणजे प्रोसेसरबाहेरच्या मुख्य स्मृतीतून, एकदा ६४ बिट वाचून आणायला १.३ ते २.६ नॅनोज्यूल (एक नॅनोज्यूल म्हणजे हजार पिकोज्यूल) लागतात. म्हणजे ज्या कामासाठी आपण संगणक विकत घेतो त्या कामाच्या किमान तेरा हजार पट ऊर्जा केवळ हमालीत खर्च होते. प्रोसेसर एकीकडे आणि स्मृती दुसरीकडे ही मांडणी १९४०च्या दशकापासून चालत आलेली आहे आणि तिच्यातील अरुंद वाटेची तक्रारही जुनीच आहे. त्या तक्रारीवर सुचवल्या गेलेल्या उपायांपैकी मला सर्वांत मूलगामी वाटणारा उपाय म्हणजे स्मृतीच्या पेशीलाच गेट, म्हणजे ० आणि १ वर तर्कक्रिया करणारा घटक, बनवणे, आणि तो प्रत्यक्षात आणू शकणारी सर्वांत जास्त अभ्यासली गेलेली वस्तू म्हणजे मेमरिस्टर.

मेमरिस्टरचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो अनेक ठिकाणी वाचायला मिळतो. व्होल्टेज, प्रवाह, विद्युतभार आणि चुंबकीय फ्लक्स या चार राशींच्या सहा जोड्या होतात; त्यांपैकी पाच जोड्यांचे संबंध ठाऊक होते आणि सहाव्या जोडीला, म्हणजे भार आणि फ्लक्स यांना, जोडणारा घटक असला पाहिजे असे बर्कली येथील लिऑन चुआ यांनी १९७१ साली मांडले. २००८ साली एचपी लॅब्जमधील दिमित्री स्ट्रुकोव्ह, स्टॅनली विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लॅटिनमच्या दोन पट्ट्यांमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ थर घालून असा घटक सापडल्याचे 'नेचर'मध्ये जाहीर केले. ही वस्तू चुआंच्या मूळ व्याख्येत खरोखर बसते का यावर पुढे बराच वाद झाला. तो वाद सैद्धांतिक दृष्ट्या महत्त्वाचा असला, तरी लॉजिकसाठी आपल्याला त्यातले एवढेच हवे आहे की हा दोन टोकांचा घटक आहे, पुरेसे व्होल्टेज एका दिशेने दिले की त्याचा रोध कमी होतो, उलट दिशेने दिले की वाढतो, आणि वीज काढून घेतली तरी तो आपला रोध विसरत नाही. हॅफ्नियम किंवा टॅंटलम ऑक्साइडच्या आजच्या उपकरणांत हे घडते ते ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांचा एक बारीक वाहक धागा थराच्या आरपार जुळल्यामुळे किंवा मध्येच तुटल्यामुळे. कमी रोध म्हणजे १ आणि जास्त रोध म्हणजे ० असा संकेत इथून पुढे पाळू.

आडव्या तारांचा एक थर, त्यावर उभ्या तारांचा दुसरा थर आणि प्रत्येक छेदावर एक मेमरिस्टर, एवढीच क्रॉसबारची रचना असते. सोपेपणामुळे ती दाट बसते आणि थरावर थर रचता येते. तिचा स्मृती म्हणून उपयोग उघडच आहे. लॉजिकचा प्रश्न मात्र असा आहे, की नेहमीच्या गेटमध्ये इनपुट हे व्होल्टेज असते आणि आउटपुटही व्होल्टेजच असते, म्हणून एका गेटचे उत्तर तारेने पुढच्या गेटला देता येते. इथे इनपुट रोधाच्या रूपात साठलेले आहे, आणि उत्तरही रोधाच्याच रूपात दुसऱ्या पेशीत उमटले पाहिजे. मधे कुठेही ते वाचून, ॲम्प्लिफायरमधून नेऊन, पुन्हा लिहायचे नाही, कारण तसे केले तर हमाली परत आलीच.

हे करता येते असे प्रत्यक्ष दाखवून देणारे काम २०१० साली पुन्हा एचपी लॅब्जमधूनच आले. त्यात जुलियन बोर्गेटी आणि सहकाऱ्यांनी 'जर पी तर क्यू' ही तर्कक्रिया दोन मेमरिस्टरांवर करून दाखवली. ही क्रिया फक्त एकाच परिस्थितीत असत्य ठरते, ती म्हणजे पी सत्य असून क्यू असत्य असताना. तिच्या जोडीला 'पेशी ० करा' ही एक साधी क्रिया घेतली, की या दोघींतून कोणतेही लॉजिक उभे करता येते. नॅण्ड गेटचेच, म्हणजे दोन्ही इनपुट १ असतील तरच ० देणाऱ्या गेटचेच, पाहा. तिसरी पेशी एस आधी ० केली. मग 'पी तर एस' केले, म्हणजे एसमध्ये पीचा नकार आला. मग 'क्यू तर एस' केले, म्हणजे एसमध्ये पीचा नकार किंवा क्यूचा नकार आला, आणि तोच नॅण्ड. तीन पायऱ्यांत काम झाले आणि पी व क्यू आपापल्या जागी शाबूत राहिले.

ही क्रिया मंडलात घडते कशी, हे नुसत्या शब्दांत सांगून समाधान होत नाही, म्हणून आकडे घालून पाहू. आकडे मी सोयीसाठी निवडले आहेत. ते कोणा एका प्रत्यक्ष उपकरणाचे नव्हेत. १ चा रोध १ किलोओहम, ० चा रोध १०० किलोओहम. पी आणि क्यू यांची एकेक टोके एका सामाईक तारेला जोडली आहेत आणि ती तार १० किलोओहमच्या साध्या रोधकातून जमिनीला गेली आहे. पेशीवर ०.७ व्होल्टपेक्षा जास्त पडले तरच ती बदलते असे धरू. आता पीच्या मोकळ्या टोकाला ०.६ व्होल्ट आणि क्यूच्या मोकळ्या टोकाला १ व्होल्ट एकाच वेळी द्यायचे. पी १ असेल तर सामाईक तार पीच्या मागोमाग जवळजवळ ०.५५ व्होल्टपर्यंत वर चढते, क्यूवर उरते फक्त ०.४५, आणि क्यू होता तसाच राहतो. पी ० असेल आणि क्यूही ० असेल, तर तार जेमतेम ०.१३ व्होल्टवर राहते, क्यूवर सुमारे ०.८७ पडते आणि क्यू १ कडे वळतो. क्यू आधीच १ असेल तर त्याच्यावर पडणारे व्होल्टेज दोन्ही परिस्थितींत ०.२५च्या आतच राहते आणि काहीच बदलत नाही. चारही शक्यता जुळल्या. पीने क्यूला काही सांगितले नाही, फक्त तारेचे व्होल्टेज धरून ठेवले किंवा सोडून दिले, आणि तेवढ्यातून निर्णय झाला. ट्रान्झिस्टर नाही, ॲम्प्लिफायर नाही. ओहम आणि किरखॉफ यांचे नियम तेवढे आहेत. मला या विषयाची ओढ लागली ती याच ठिकाणी.

मात्र हाच हिशेब जरा पुढे नेला तर एक गंभीर अडचण दिसते. क्यूचा रोध १०० किलोओहमवरून उतरू लागला, की क्यूमधून जास्त प्रवाह वाहतो, त्यामुळे सामाईक तार वर चढते आणि क्यूवर पडणारे व्होल्टेज कमी होत जाते. ०.७ ही रेषा काटेकोर मानली, तर क्यूचा रोध सुमारे २६ किलोओहमला आला की बदल तिथेच थांबतो. म्हणजे मिळाला तो १ आहे खरा, पण दुबळा आहे. हा दुबळा १ पुढच्या पायरीत पी म्हणून वापरला तर काय होते? तारेला तो केवळ ०.२२ व्होल्टपर्यंत चढवू शकतो, नव्या क्यूवर ०.७८ पडते आणि जो बदलायला नको होता तो क्यू बदलतो. एका गेटचे उत्तर दुसऱ्या गेटपर्यंत पोचता पोचता चुकले. जमिनीकडचा रोधक १० ऐवजी ३ किलोओहमचा घेतला तर १ पुष्कळ सुधारतो, ७ किलोओहमपर्यंत उतरतो. पण आता तारेला वर धरून ठेवणेही तेवढेच कठीण होते आणि नव्या क्यूवर ०.८१ व्होल्ट पडून चूक कायमच राहते. प्रत्यक्ष उपकरणात बदल सुरू झाला की तो आपल्याच ओघात पुढे जातो, त्यामुळे चित्र इतके वाईट नसते. परंतु पायऱ्यांची साखळी लांबत गेली की अवस्था थोडी थोडी घसरत जाते, ही या पद्धतीची मुळातली दुखरी बाजू आहे. सीमॉस गेटचे, म्हणजे आजच्या चिपांतल्या नेहमीच्या ट्रान्झिस्टरी गेटचे, मोठेपण अशा वेळी कळते : त्याच्यात आलेला मळकट सिग्नल प्रत्येक गेटपाशी धुऊन निघतो, आणि इथे तसे आपोआप होत नाही.

इस्रायलच्या टेक्नियन संस्थेतील शाहार क्वातिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली मांडलेली 'मॅजिक' ही पद्धत या बाबतीत मला जास्त पटते. तिच्यात वेगळा रोधक लागत नाही आणि दोन वेगवेगळी व्होल्टेजेसही लागत नाहीत. नॉर गेट, म्हणजे दोन्ही इनपुट ० असतील तरच १ देणारे गेट, करायचे असेल तर उत्तराची पेशी आधी १ करून ठेवायची, दोन इनपुट पेशी एकमेकींना समांतर, आणि त्यांच्यानंतर उत्तराची पेशी एकसर, एवढ्या जोडणीवर एकच व्होल्टेज द्यायचे. दोन्ही इनपुट ० असतील तर समांतर जोडीचा रोध ५० किलोओहम होतो, उत्तराच्या १ किलोओहमच्या पेशीवर दिलेल्या व्होल्टेजचा एक्कावन्नावा हिस्सा पडतो आणि ती १ च राहते. एक जरी इनपुट १ असेल तरी निम्मे व्होल्टेज उत्तराच्या पेशीवर येते आणि ती ० कडे वळते. इथे गंमत अशी, की ती ० कडे वळू लागली की तिचा रोध वाढतो, त्यामुळे तिच्यावर पडणारे व्होल्टेज आणखी वाढते आणि बदल अर्ध्यावर न अडकता पूर्णत्वाला जातो. आधीच्या पद्धतीत जो फीडबॅक बदलाच्या आड येत होता, तोच इथे बदलाच्या मदतीला येतो.

क्रॉसबारमध्ये ही जोडणी जशीच्या तशी बसते, हा तिचा दुसरा मोठा गुण. एकाच आडव्या तारेवरच्या तीन पेशी घ्या. दोन इनपुटांच्या उभ्या तारांना व्होल्टेज द्या, उत्तराची उभी तार जमिनीला जोडा आणि आडवी तार मोकळी सोडा. प्रवाह इनपुट पेशींतून उभ्या तारेकडून आडव्या तारेकडे जातो आणि उत्तराच्या पेशीतून आडव्या तारेकडून उभ्या तारेकडे. सगळ्या पेशी एकाच दिशेने बसवलेल्या असल्या, तरी उत्तराच्या पेशीला तो रोध वाढवणारा आणि इनपुट पेशींना रोध कमी करणारा ठरतो.

त्यातूनच एक अट निघते. उत्तरावर निम्मे व्होल्टेज पडून ते बदलायला हवे असेल, तर दिलेले व्होल्टेज ० करण्याच्या मर्यादेच्या दुपटीहून थोडे जास्त असले पाहिजे. पण दोन्ही इनपुट ० असताना तेच व्होल्टेज जवळजवळ सगळेच्या सगळे इनपुट पेशींवर पडते, आणि तेही त्यांना १ करणाऱ्या दिशेने. म्हणून पेशी १ करण्याची मर्यादा ० करण्याच्या मर्यादेच्या दुपटीपेक्षा मोठी असलीच पाहिजे, नाहीतर प्रश्न विचारताना प्रश्नच बदलून जाईल. दोन्ही मर्यादा सारख्या असलेले उपकरण उत्तम स्मृती ठरेल आणि तरीही मॅजिकसाठी निरुपयोगी ठरेल. पदार्थविज्ञानाच्या बाजूने काम करणाऱ्यांपर्यंत ही अट पुरेशी पोचत नाही असे मला सतत वाटते, कारण नव्या उपकरणाच्या शोधनिबंधांत ० आणि १ मधल्या रोधाचे गुणोत्तर ठळकपणे दिलेले असते, तर या दोन मर्यादांचे गुणोत्तर आणि पेशीपेशींमधील त्याची तफावत आलेखातून आपली आपण मोजून काढावी लागते.

आता प्रत्यक्ष बेरीज करू. अ, ब आणि मागून आलेला हातचा ह, अशा तीन बिटांची बेरीज नऊ नॉर गेटांत होते. अ आणि ब यांचा नॉर हे पहिले उत्तर. अ आणि पहिले उत्तर यांचा नॉर दुसरे, ब आणि पहिले यांचा नॉर तिसरे, दुसरे आणि तिसरे यांचा नॉर चौथे. हे चौथे उत्तर अ आणि ब सारखे असतील तेव्हाच १ असते. मग तीच चाल चौथे उत्तर आणि ह यांच्यावर पुन्हा खेळायची : त्या दोघांचा नॉर पाचवे, चौथे आणि पाचवे यांचा नॉर सहावे, ह आणि पाचवे यांचा नॉर सातवे, आणि सहावे व सातवे यांचा नॉर म्हणजे बेरजेचा बिट. शेवटी पहिले आणि पाचवे यांचा नॉर घेतला की पुढचा हातचा मिळतो. ज्यांना खात्री करून घ्यायची असेल त्यांनी आठही शक्यता कागदावर लिहून पाहाव्यात. मेमरिस्टरवरचे लॉजिक म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्याचा त्याहून चांगला मार्ग मला ठाऊक नाही. प्रत्येक नॉर म्हणजे त्याच आडव्या तारेवरच्या एका पेशीत लिहिणे. गेट असे कुठे बसवलेले नसते. कोणत्या क्षणी कोणत्या उभ्या तारांना व्होल्टेज दिले एवढ्यावरच ती पेशी त्या क्षणी इनपुट आहे, उत्तर आहे की नुसती स्मृती आहे, हे ठरते.

एका बिटाला नऊ नॉर आणि उत्तराच्या पेशी एकदम १ करून ठेवण्याची एक पायरी, म्हणजे दहा पायऱ्या झाल्या. ३२ बिटांना ३२०. पायरीला १० नॅनोसेकंद धरले तर एक बेरीज व्हायला ३.२ मायक्रोसेकंद लागतील, आणि तेवढ्या वेळात साध्या प्रोसेसरनेही हजारो बेरजा उरकलेल्या असतील. इथे थांबणारा वाचक ही कल्पना टाकून देईल आणि त्याला दोष देता येणार नाही. पण उभ्या तारांना दिलेले व्होल्टेज एका ओळीपुरते नसते. ते सगळ्या आडव्या ओळींना एकाच वेळी मिळते. १०२४ ओळींच्या क्रॉसबारमध्ये त्याच ३२० पायऱ्यांत १०२४ बेरजा होतात, म्हणजे एका बेरजेच्या वाट्याला सुमारे ३ नॅनोसेकंद येतात. असे हजार क्रॉसबार एका चिपवर असले तर ३ पिकोसेकंद. एकेका गेटचा वेग पाहून या तंत्राची परीक्षा करणे म्हणूनच मला चुकीचे वाटते. त्याचे बळ ओळींच्या संख्येत आहे, आणि विदा (डेटा) जिथे आहे तिथून हलत नाही यात आहे.

ऊर्जेचा ताळाही असाच मांडून पाहावा लागतो. पेशी बदलताना १ व्होल्टला १०० मायक्रोॲम्पियर १० नॅनोसेकंद वाहिले तर १ पिकोज्यूल खर्च होतो. ३२ बिटांच्या बेरजेत २८८ नॉर आहेत, आणि पेशी आधी १ करण्याचा खर्च तेवढाच धरला तर एकूण सहाशे पिकोज्यूलच्या आत काम होते. सीमॉसमधल्या ०.१ पिकोज्यूलच्या बेरजेशी तुलना केली तर हे भयंकर आहे. डीरॅममधून आकडे आणण्याच्या १.३ ते २.६ नॅनोज्यूलशी, आणि वर उत्तर परत ठेवण्याच्या खर्चाशी तुलना केली तर मात्र हे फायद्याचे आहे. आणि तेच आकडे प्रोसेसरशेजारच्या ८ किलोबाइटांच्या कॅशमध्ये आधीच येऊन बसले असतील, जिथून ते आणायला हॉरोविट्झ यांच्याच अंदाजानुसार १० पिकोज्यूल पुरतात, तर मेमरिस्टर साफ हरतो. ज्या कामात विदा अवाढव्य आहे, प्रत्येक आकड्याला एकदाच हात लागतो आणि त्याच्यावर करायची क्रिया छोटी आहे, तेच काम या तंत्राचे. मोठ्या सारणीतील लाखो नोंदी एकाच अटीवर तपासणे किंवा बिटांच्या लांब ओळींवर एकच क्रिया करणे ही त्याची चांगली उदाहरणे आहेत. गुणाकारांची रास असलेले काम, जिथे पायऱ्या बिटांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात, तिथे ही पद्धत दमते.

गुणाकारांसाठी क्रॉसबारचा वेगळाच उपयोग आहे आणि अनेकदा या दोहोंची गल्लत होते. पेशीच्या वाहकतेत संख्या साठवून, आडव्या तारांना व्होल्टेज देऊन, उभ्या तारांतून येणारा प्रवाह मोजला, की मॅट्रिक्स आणि सदिश यांचा गुणाकार एका झटक्यात मिळतो. ते ॲनालॉग गणित आहे आणि त्यात बाहेर येणारे उत्तर प्रवाहाच्या रूपात असल्याने ते मोजायला कन्व्हर्टर लागतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील गटाने २०२४ साली 'नेचर'मध्ये एका रेणूच्या थरातून १६,५२० वेगवेगळ्या वाहकता-पायऱ्या मिळवल्याचे जे काम प्रसिद्ध केले, ते या दुसऱ्या वाटेवरचे आहे. आपल्याकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आणि मुंबईच्या आयआयटीतही अशा उपकरणांवर संशोधन चालते. मी ज्या लॉजिकबद्दल लिहितो आहे त्यात पायऱ्या दोनच, ० आणि १, आणि अपेक्षा उलटी : हजारो छटा नकोत, दोनच अवस्था हव्यात, पण त्या अढळ हव्यात.

आता क्रॉसबारच्या स्वतःच्या दुखण्यांकडे वळतो. पहिले दुखणे चोरवाटांचे. चार पेशींच्या जाळीत एका पेशीचा रोध १०० किलोओहम आणि बाकी तिघींचा प्रत्येकी १ किलोओहम असेल, तर ती पहिली पेशी वाचताना प्रवाह उरलेल्या तिघींतून वळसा घालून जातो आणि आपल्याला २.९ किलोओहम दिसतात, म्हणजे ० असून १ वाचला जातो. लॉजिकमध्ये हीच गोष्ट वेगळ्या रूपात सतावते. सगळ्या ओळी एकाच वेळी काम करत असताना प्रत्येक आडव्या तारेचे व्होल्टेज तिच्या इनपुटांप्रमाणे वेगळे असते, आणि त्या पायरीत न वापरलेल्या उभ्या तारा या ओळींना आपापल्या पेशींमधून एकमेकींशी जोडतात. एका ओळीचे उत्तर दुसऱ्या ओळीत पाझरते. न वापरलेल्या तारांना मधले व्होल्टेज देऊन ठेवणे, प्रत्येक पेशीला सिलेक्टर, म्हणजे ठरावीक व्होल्टेजनंतरच प्रवाह जाऊ देणारा घटक, जोडणे, किंवा सरळ प्रत्येक पेशीमागे एक ट्रान्झिस्टर घालणे, असे उपाय आहेत. सिलेक्टरची स्वतःचीही व्होल्टेज-मर्यादा असते आणि मॅजिकमध्ये प्रवाह दोन पेशींतून, म्हणून दोन सिलेक्टरांतून, जातो. वर सांगितलेला काटेकोर हिशेब त्यामुळे नव्याने मांडावा लागतो. ट्रान्झिस्टर घातला की दाटपणा जातो. तरीही माझे मत ट्रान्झिस्टरच्या बाजूने आहे. पॅनासॉनिकने २०१३ साली अशा रोध-बदलावर चालणाऱ्या स्मृतीचे मायक्रोकंट्रोलर बाजारात आणले, त्याला आता बराच काळ लोटला, आणि ट्रान्झिस्टरसह पेशी बनवण्याची वाट कारखान्यांच्या चांगली अंगवळणी पडलेली आहे.

तारांचा रोधही विसरून चालत नाही. दोन छेदांमधल्या तुकड्याला १ ओहम धरला तरी १०२४व्या छेदापाशी तो जवळजवळ १ किलोओहम होतो, म्हणजे १ च्या रोधाएवढाच. जवळच्या ओळीला पुरलेले व्होल्टेज दूरच्या ओळीला पुरत नाही. म्हणून मोठा क्रॉसबार कागदावर जेवढा आकर्षक दिसतो तेवढा प्रत्यक्षात नसतो, आणि ओळींची संख्या वाढवण्यापेक्षा लहान क्रॉसबारांची संख्या वाढवणे शहाणपणाचे ठरते.

सर्वांत मोठे दुखणे मात्र झिजेचे आहे, आणि त्याकडे पाहिजे तेवढे लक्ष दिले जात नाही. स्मृती म्हणून वापरताना पेशीवर क्वचित लिहिले जाते. लॉजिकमध्ये प्रत्येक पायरी म्हणजे लेखनच. वरच्या बेरजेत मधल्या उत्तरांची पेशी दर दहा पायऱ्यांनी, म्हणजे दर १०० नॅनोसेकंदांनी, पुन्हा वापरली जाते. सेकंदाला एक कोटी वेळा. दहा कोटी वेळा लिहिणे सहन करणारी पेशी अखंड कामावर दहा सेकंदांत संपेल. एक लाख कोटी वेळा, म्हणजे १ वर बारा शून्ये इतके, सहन करणारी पेशी सुमारे अठ्ठावीस तास टिकेल. पाच वर्षे अखंड चालवायचे तर दीड हजारांहून अधिक पट आणखी टिकाऊपणा हवा. मधल्या उत्तरांसाठी दर वेळी वेगळे स्तंभ वापरून झीज सगळ्या ओळीवर पसरवता येते, पण त्याने शंभर पटही फरक पडला तर पुष्कळ झाले. उत्तर साठून राहते हा या लॉजिकचा गुण आणि प्रत्येक उत्तर लिहावे लागते हा त्याचा खर्च; या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवता येत नाहीत. त्यामुळे दिवसरात्र चालणाऱ्या प्रोसेसरची जागा हे तंत्र घेईल असे मला वाटत नाही. जिथे विदा महिनोन्महिने पडून असते, अधूनमधून तिच्यावर एखादा प्रश्न विचारला जातो आणि वीज तुटपुंजी असते, अशा ठिकाणी, उदाहरणार्थ बॅटरीवर चालणाऱ्या मोजणी-यंत्रात, त्याला खरा वाव आहे. तिथे दिवसातून काही सेकंदच गणित करायचे असते आणि मग तीच पेशी कित्येक वर्षे पुरते.

चुकांचा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण त्याचे उत्तर अजून कोणाकडे समाधानकारक रूपात दिसत नाही. एक नॉर दहा लाखांत एकदा चुकतो असे धरू. या उपकरणांच्या मानाने हा अंदाज उदारच म्हणावा लागेल. १०२४ ओळींत ३२ बिटांची एक बेरीज म्हणजे सुमारे २,९५,००० नॉर, म्हणजे दर तीन बेरीज-फेऱ्यांत साधारण एक चूक. नेहमीच्या स्मृतीत चूक दुरुस्त करणारे संकेत वाचताना तपासले जातात. इथे वाचणेच टाळायचे असल्याने तपासणीची ती संधी येत नाही, आणि पेशीतला बिट बदलला की त्याचा संकेतही त्याच पायरीत बदलावा लागतो. एकच बेरीज त्याच ओळीत तीन वेगवेगळ्या जागी करून बहुमताने उत्तर ठरवणे हा सरळ उपाय आहे, आणि बहुमतही नॉरांतूनच काढता येते. पण त्याने वेळ आणि झीज दोन्ही तिप्पट होतात आणि बहुमत काढणारे नॉर स्वतः चुकणार नाहीत याची हमी कोण देणार हा प्रश्न राहतोच. म्हणून या विषयावरचा नवा शोधनिबंध हाती आला, की रोधाच्या गुणोत्तराआधी मी एकच गोष्ट शोधतो : खऱ्या चिपवर, एकमेकांच्या उत्तरांवर अवलंबून असलेल्या किती पायऱ्या मधे न वाचता, न ताजेतवाने करता सलग चालवून दाखवल्या आणि त्यांत किती चुका झाल्या. एकेका गेटच्या चाचण्या पुष्कळ सापडतात. शेकडो पायऱ्यांच्या अशा साखळ्या हजारो ओळींवर, पेशीपेशींतील तफावतीसह मोजलेल्या पाहायला मिळाल्या, तर वर मांडलेले हिशेब कागदावरून उचलून चिपशी ताडून पाहता येतील.